बिनफवारणीचा उजवा गाल

येडगाव, ता. जुन्नर
२६ जानेवारी, झेंडावंदन करून आल्यावर

तीर्थस्वरूप आक्का हिस,

धाकट्या गोरखचा वाकून नमस्कार. दाजींच्या गुडघ्याला आणि तुझ्या रागाला दोन्हीला उतार पडला असेल, अशी आशा धरून हे पत्र लिहायला बसलोय. इकडं सगळं ठीक आहे. मोहिनी बरी आहे. म्हैस व्याली (रेडा झाला, त्यामुळं पेढे वाटले नाहीत). धरण अजून भरलेलं दिसतंय. द्राक्षबाग छाटणीपासून आज एकशे चार दिवसांची झाली आणि समूचं तोंड छप्पन्न दिवसांचं. हे शेवटचं वाचून तू चष्मा काढून पदराला पुसशील. पुसू नको, बरोबर वाचलंस, खुलासा पुढं येतोय. (पत्रात मोठ्या माणसाला 'तुम्ही' लिहायचं असतं, हे तूच मला पाटीवर शिकवलंस. पण तुला 'तुम्ही' म्हटलं की मला साहेबाला अर्ज करतोय असं वाटायला लागतं आणि खाली 'आपला विश्वासू' लिहावंसं वाटतं. म्हणून 'तू'च चालवून घे.)

फोन का नाही केला, असं म्हणशील. आक्का, तू फोन स्पीकरवर टाकून पिठाच्या डब्यावर ठेवतेस आणि स्वतः मोरीपाशी उभी राहून बोलतेस. मागं एकदा तुला माझ्या मूळव्याधीचं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी ऊस घेऊन गेलेल्या आमच्या शेजारच्या गेणभाऊला तुमच्या पारगावात कारखान्याच्या वजनकाट्यावर कुणीतरी विचारलं की गोरखभाऊंना आता बसता येतं का. तेव्हापासून मी ठरवलंय, नाजूक गोष्ट असली तर कागदावर. हे पत्रही गेणभाऊच आणून देतील, त्यांचा ऊस उद्या तिकडं चाललाय. तू एकटीनं वाच. दाजींना नंतर दाखव. ऋषीला दाखवूच नको, नवरदेवाला या दिवसांत वाचलेलं काही कळत नाही.

तर मुद्दा असा. ऋषीच्या लग्नात करवली म्हणून उभं राहायला समूनं नाही म्हटलं आणि तू गेले चार दिवस आमच्याशी बोलली नाहीस. (मोहिनी म्हणाली, घर कसं शांत वाटतंय. हे ती प्रेमानं म्हणाली.) तुझा राग मी कबूल करतो. ऋषीला सख्खी बहीण नाही, मामेबहीण ही एकटी. नवरदेवाच्या मागं कऱ्हा घेऊन उभं राहायचा मान तिचाच. ती जन्मली त्या दिवशी नारायणगावच्या दवाखान्यात तिला मांडीवर घेऊन तूच म्हणाली होतीस की माझ्या ऋष्याची करवली आली. अशी पोर ऐन वेळी नाही म्हणते म्हणजे तिला शिंगं फुटली, असं तुला वाटलं असणार. शिंगं नाहीत गं आक्का. पुटकुळ्या आहेत. आणि करवली म्हणजे नवरदेवाच्या खांद्यामागं दिवसभर उभी राहणारी पोर, म्हणजे जेवढे फोटो नवरदेवाचे तेवढे तिचे.

तुझ्याकडून भाऊबीज करून आलो त्याच दिवसापासून समूनं तोंडावरचा स्कार्फ सोडायचं बंद केलं. कॉलेजला जुन्नरला जाताना गाडीवर सगळ्याच पोरी बांधतात, डोळे तेवढे दिसतात. (मी एकदा आळेफाट्याच्या रस्त्याला समू समजून दुसऱ्याच पोरीला हात करून थांबवलं आणि 'डबा विसरलीस' म्हणून तिच्या हातात डबा दिला. तिनं तो घेतलाही.) पण आपली घरात आल्यावरही सोडेना. जेवताना एका हातानं स्कार्फ पुढं धरायचा आणि खालून घास घालायचा. मोहिनीनं एकदा रागानं ओढला, तर दोन वेळा जेवलीच नाही. कुणी काही बोललं का, म्हणून विचारलं, तर नाही म्हणते. मलाही काही माहीत नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या मनात काय चाललंय ते बापाला कसं कळावं.

मग नोव्हेंबरात एक दिवस कुरियरवाला पाकीट देऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी मला मोरीच्या खिडकीत बोटाएवढी बाटली दिसली. मी औषधाची बाटली दिसली की वाचल्याशिवाय ठेवत नाही, बागायतदाराची खोड ती. वाचलं तर सॅलिसिलिक ॲसिड. आक्का, मी बाटली पटकन खाली ठेवली. आमच्याकडं ॲसिड म्हणजे ठिबकच्या नळ्या धुवायचं. ते सोडायचं म्हणजे हातात मोजे, तोंडाला रुमाल, आणि वाऱ्याकडं पाठ करून उभं राहायचं. बरं, हे सॅलिसिलिक काही मला परकं नाही, ते आम्ही बागेलाही मारतो, ताण पडला की. म्हणून आणखीच घाबरलो. बाटलीवर लिहिलं होतं दोन टक्के. मी कॅलेंडरच्या मागं हिशोब मांडला. दोन टक्के म्हणजे वीस हजार पीपीएम. बागेला आम्ही शंभर-दीडशेच्या वर जात नाही, तेही चार जणांना विचारून आणि आभाळाकडं बघून. आणि माझी एकुलती एक पोर वीस हजारानं तोंडावर घेतेय! मी बाटली उचलली, औषधाच्या खोलीत फवारणी पंपाशेजारी ठेवली आणि कुलूप लावून किल्ली करदोट्याला बांधली.

दोन दिवस समू माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्या खोलीच्या दाराला चिठ्ठी लावलेली सापडली, 'बाटलीवर चेहऱ्यासाठी असंही लिहिलंय. तेवढंच वाचलं नाहीत का?' मोहिनी तर माझ्यावर असली बरसली की विचारू नको. म्हणाली, पोरीनं लिंबू लावून बघितलं, टूथपेस्ट लावून बघितली, कुणी सांगितलं म्हणून दालचिनी लावून रात्रभर आग आग झाली, तेव्हा तुम्हाला ॲसिड दिसलं नाही. आता पोरीनं स्वतः वाचून, शोधून काहीतरी मागवलं तर ते तुम्ही उंदराच्या औषधाशेजारी ठेवलंत. (उंदराचं औषध खालच्या फळीवर असतं. हे मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं.)

मी ठरवलं, जाणकाराला विचारू. आमच्यात जाणकार म्हणजे खत-औषधाच्या दुकानातला हौशीराम. त्याला सगळ्या तालुक्याच्या बागा तोंडपाठ. मी म्हटलं, सॅलिसिलिक दोन टक्क्यानं मारलं तर काय होईल. तो म्हणाला, कुठल्या पिकाला. आता पोरीचं नाव दुकानात कसं घ्यायचं, चार माणसं बाकड्यावर चहा पीत बसलेली. म्हटलं, टोमॅटोला. काय आलंय टोमॅटोवर? म्हटलं, पुरळ. लाल पुरळ, काही ठिकाणी पांढरं तोंड. तो विचारात पडला. म्हणाला, असलं कधी ऐकलं नाही राव, प्लॉटचं वय किती? आणि आक्का, माझ्या तोंडून खरं तेच गेलं. मी म्हटलं, एकोणीस वर्षं. बाकड्यावरचे चारही जण कप खाली ठेवून माझ्याकडं बघायला लागले. हौशीरामनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हळूच विचारलं की झोप वगैरे लागते ना. येताना त्यानं पिकाच्या सॅलिसिलिकची एक पुडीही दिली. ती मी अजून फोडलेली नाही आणि ती माणसाच्या तोंडाजवळ न्यायची नसते, हे मला तेव्हाही कळत होतं. तेवढा शहाणपणा माझ्यात आहे. पुढं जे केलं ते ऐकून तुला तसं वाटणार नाही, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

आपल्यात नवीन औषध आलं की सगळ्या बागेवर मारत नाहीत. आधी एका ओळीला मारायचं, शेजारची ओळ बिनफवारणीची ठेवायची, आठ दिवसांनी दोन्ही बघायच्या. हे मला कृषी खात्याच्या माणसानं शिकवलंय आणि गेली वीस वर्षं मी त्याबाहेर गेलेलो नाही. तर पोरीच्या तोंडावर जायचं ते आधी माझ्या तोंडावर जाऊ दे, असं ठरवलं. डावा गाल औषधाचा, उजवा गाल बिनफवारणीचा. कुलपातली समूची बाटली काढली, वहीत तारीख घातली आणि सुरू केलं. चूक एवढीच झाली की बाटलीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मी चष्म्याशिवाय वाचलं. एक दिवसाआड, एकदा, असं काहीतरी होतं, मला ते दिवसातून एकदा-दोनदा वाटलं. आणि माझी दाढी मी सकाळी घोटून करतो, हे तुला माहीत आहेच. घोटलेल्या गालावर लगेच औषध, मग दिवसभर बागेत उन्हात, संध्याकाळी परत औषध. चार दिवसांत डावा गाल टोमॅटोसारखा लाल झाला आणि पाचव्या दिवशी नव्या बटाट्यासारखी सालं सुटायला लागली. उजवा गाल मात्र होता तसा, सुरकुतलेला आणि निवांत. प्रयोग म्हणून बघितलास तर एकदम स्वच्छ निकाल आला.

त्या सकाळी मी दूध घालायला डेअरीवर गेलो आणि तिथं सगळ्यांनी एका आवाजात ठरवलं की गोरखभाऊला नागीण झाली. एकाच बाजूला आलंय म्हणजे नागीणच. मी नाही म्हणायचो तर मग काय झालंय ते सांगायला लागायचं, म्हणून गप्प बसलो. नागिणीवर गेरू लावणाऱ्या साळुबाई तिथंच होत्या, किटली घेऊन आलेल्या. त्यांनी माझा हात धरून ओट्यावर बसवलं, घरून गेरू आणला, ओला केला आणि कानापासून हनुवटीपर्यंत डाव्या गालावर थापला. वर मला दम दिला, "नागिणीची दोन्ही टोकं जुळली तर माणूस ऱ्हात न्हाई, घरी जाऊन पडून ऱ्हा." आक्का, सालं निघालेल्या गालावर गेरू वाळायला लागला की काय होतं, ते मी तुला पत्रात लिहू शकत नाही. गाडी चालवताना माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि उजवा डोळा कोरडा, म्हणजे प्रयोग तिथंही चालूच होता.

घरी आलो तर समू अंगणात म्हशीला वैरण टाकत होती, तोंडाला स्कार्फ. तिनं मला बघितलं. आधी घाबरली. मग जवळ येऊन गालाकडं बघितलं, दुसऱ्या गालाकडं बघितलं, खिशातून डोकावणारी बाटली बघितली, आणि तिला सगळं एकदम कळलं. मग आक्का, ती हसायला लागली. भाऊबीजेपासून मी त्या पोरीचं हसणं ऐकलं नव्हतं. श्वास पुरेना तसा तिनं स्वतःच स्कार्फ ओढून काढला आणि गोठ्याच्या खांबाला धरून हसत राहिली. मीही हसायला गेलो, पण गेरूला तडे जायला लागले म्हणून थांबलो. तिनं मला मोरीपाशी बसवलं आणि कोमट पाण्यानं, कापसानं, न घासता माझा गाल धुतला. मी तिचं तोंड इतक्या जवळून किती दिवसांनी बघत होतो. कपाळ, हनुवटी, दोन्ही गाल, सगळं पेटल्यासारखं. ज्या गालाला दृष्ट लागेल म्हणून तू आलीस की तीट लावायचीस, तोच गाल. दुखतं का गं, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, तुमच्याएवढं नाही.

दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबरला, आम्ही दोघं गाडीवर जुन्नरला गेलो. बाजारपेठेतल्या बोळात वरच्या मजल्यावर कातडीच्या डॉक्टरीणबाई बसतात. आत गेल्यावर त्यांनी आम्हा दोघांकडं बघितलं आणि मलाच आधी स्टुलावर बसायला सांगितलं. समूनं माझा सगळा प्रयोग त्यांना सांगितला. त्या बाई शांत आहेत, पण मधेच उठून खिडकीकडं तोंड करून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्या गालाला मलम दिलं आणि सांगितलं की दाढीवरून असलं औषध लावायचं नाही, आणि काका, तुम्हाला पुटकुळ्या नाहीत तर तुम्हाला ते लावायचंच नाही.

मग त्यांनी समूला नीट तपासलं. म्हणाल्या, मुलीनं वाचून आणलेलं औषध योग्य आहे, दोन टक्के चेहऱ्याला चालतं. कातडीला बारीक बारीक छिद्रं असतात, त्यातून तेल येतं. तेल आणि मेलेली कातडी मिळून छिद्राचं तोंड बंद झालं की आत साठतं, सुजतं, पुटकुळी येते. हे ॲसिड तेलात विरघळतं, म्हणून त्या छिद्रात उतरून आतलं बूच मोकळं करतं. आक्का, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी म्हटलं, बाई, म्हणजे ड्रिपर चोकअप झाल्यावर आम्ही नळीतून ॲसिड सोडतो, तेच की हे. क्षार विरघळतो आणि थेंब पडायला लागतो. पण जास्त सोडलं तर मुळ्या जळतात. त्या म्हणाल्या, अगदी तेच, आणि इथून पुढं येडगाव-नारायणगावकडचे पेशंट आले की मी असंच सांगणार. (मला त्या दिवशी फी माफ करतील असं वाटलं होतं. केली नाही.) मग त्यांनी वेळापत्रक दिलं. सुरुवातीला एक दिवसाआड संध्याकाळी, पातळ थर. वरून कोरडेपणाचं मलम. सकाळी बाहेर पडताना उन्हाचं मलम, ते चुकवायचं नाही. नखानं फोडायचं नाही. लिंबू, टूथपेस्ट, दालचिनी सगळं बंद. सहा ते आठ आठवडे धीर धरायचा, डाग जायला त्याहून जास्त लागतात, आणि सगळं जाईलच असं नाही. वेळापत्रक म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. वेळापत्रक पाळण्यात मी कुणाला हार जात नाही.

तेव्हापासून फवारणीच्या वहीत डावीकडं बाग आणि उजवीकडं समू. पहिल्यांदा ती चिडली, म्हणाली, पप्पा, मी काय प्लॉट आहे का. मग स्वतःच येऊन सांगायला लागली, आज लिहा, हनुवटीवर नवीन दोन. तुला थोडं उतरवून पाठवतो. दिवस नऊ, कपाळ कोरडं, मलम वाढवलं. दिवस एकवीस, पहिल्यापेक्षा जास्त दिसतंय, समू रडली, मोहिनीही रडली, मी बागेत गेलो. (डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या सुरुवातीला आतलं वर येतं, बंद करू नका.) दिवस सव्वीस, स्कार्फ न बांधता म्हशीला पाणी पाजलं, म्हैस काही म्हणाली नाही. दिवस चौतीस, डेअरीपर्यंत उघड्या तोंडानं. दिवस चाळीस, भुरी दिसली, गंधक मारलं. (हे डावीकडचं, चुकून इकडं उतरलं.) दिवस एकोणपन्नास, कॉलेजातून येताना स्कार्फ गाडीच्या डिकीत. आणि आज, दिवस छप्पन्न, शाळेच्या मैदानात सगळ्या गावासमोर उघड्या तोंडानं उभं राहून तिनं पोरांना कवायत सांगितली. चेहरा आरशासारखा झालाय असं नाही. निम्म्याच्या वर गेलंय, डाग आहेत, एक-दोन ताजेही आहेत. पण मान वर होती आक्का. मी झेंड्याकडं बघायचं सोडून तिच्याकडंच बघत होतो, सरपंचांनी मला कोपरानं ढोसलं.

येताना गाडीवर मी हळूच विषय काढला. म्हटलं, गावासमोर उभी राहिलीस, मग ऋषीदादाच्या मागं उभं राहायला काय हरकत आहे. धरणाची भिंत तिनं मागं जाऊ दिली. मग म्हणाली, "कुठं पण उभी राहीन, पप्पा. आत्याकडं नको." एवढंच. म्हणून घरी आलो, चहासुद्धा न घेता वहीतली पानं फाडली आणि तुला लिहायला बसलो. लग्नाला पंधरा दिवस राहिलेत. माझी पोर त्या मांडवात कऱ्हा घेऊन उभी राहिलेली मला बघायचीय, आणि तुलाही बघायचीय, हे मला माहीत आहे. आता तूच काय ते बघ.

दाजींना नमस्कार सांग. गुडघ्याला गेरू लावू देऊ नको. ऋषीला म्हणावं, लग्नाच्या सकाळी नवीन ब्लेडनं घोटून दाढी करायची असेल तर मामाचा सल्ला घे. मोहिनीचा तुला नमस्कार, तो खरंच तिनं सांगितलाय.

तुझा धाकटा,
गोरख

ता. क. – एक मागणं आहे, पत्राच्या मधे लिहायचं धाडस झालं नाही. समू आलीच, तर तिच्या तोंडाबद्दल काही बोलू नको. वाईट तर नकोच, पण 'आता बरी दिसतेस', 'सुधारलीस', असलं चांगलंही नको. तू नेहमी म्हणतेस तेवढंच म्हण, समू आलीस का, हात धू, वाढते. बाकीच्या बायकांनाही तूच सांग. पारगावात तुझ्या शब्दाबाहेर कोण आहे?

ता. क. दोन – मघाशी मी लिहिलं की कुणी काय बोललं ते मला माहीत नाही. ते खोटं आहे. भाऊबीजेला तुझ्याकडं पंगत बसली होती, तू समूला करंजी वाढता वाढता म्हणालीस, "पोरी, गालावर हरभरा पेरलाय का गं?" तुझ्या मनात काही नव्हतं, तू माझ्या लग्नात मला दोडका म्हणाली होतीस. त्यावर मी म्हणालो, पेरणी झालीय, आता पाणी सोडायचं राहिलंय. सगळी पंगत हसली, दाजींना ठसका लागला, आणि मीच सगळ्यांत जास्त हसलो, कारण तुझ्या घरी माझ्या विनोदाला पहिल्यांदाच कुणी हसत होतं. समू करंजी तशीच ठेवून उठली, तेही मी बघितलं होतं. गेरू धुतला त्या दिवशी तिनं कापूस पिळता पिळता मला सांगितलं, "आत्याचं मला काही वाटलं नाही. आत्या सगळ्यांनाच बोलते. पण पप्पा, तुम्ही हसलात." मला तेव्हा काहीतरी म्हणायचं होतं. तोंड गेरूनं आखडलं होतं, असं मी स्वतःला समजावलं. त्यालाही आता दोन महिने होत आले. वहीत तिचं रोज लिहितो, पण माझं चुकलं हे तेवढं तिला तोंडानं म्हणून होत नाही. तुला म्हणतोय, कारण लहानपणापासून काही चुकलं की आधी तुलाच सांगायची सवय आहे.

ता. क. तीन – हे पान वहीतलं आहे. मागच्या बाजूला 'घड विरळ केले, शेंडे मारले' असं लिहिलंय, ते बागेचं आहे. समूचे केस शाबूत आहेत. लगेच फोन करून ओरडू नको.

ता. क. चार – आत्या, मी समृद्धी. पप्पांनी पाकिटाला डिंक लावायला माझ्याकडं दिलं आणि 'वाचू नको' असं तीनदा सांगून बागेत गेले. बागेत आत्ता काही काम नाही. इथून दिसतायत, मघापासून एकाच वेलीपाशी उभे आहेत आणि घराकडं बघतायत. मी येते. कऱ्हा मीच धरणार, साडी मात्र मोरपंखी पाहिजे. पहिला ता. क. विसर, तुला माझ्याबद्दल जे बोलायचं ते बोल, मी पण बोलेन. फक्त पप्पांच्या डाव्या गालावर अजून डाग आहे. त्याला तुझ्या मांडवात कुणी हसायचं नाही.